मसल कारचे दोन जन्म

आजचा भाग गाड्यांवर आहे. पण ज्यांना गाड्यांमधलं फारसं कळत नाही त्यांनीही थांबा, कारण आपण इंजिनाइतकंच पगार, विमा, पेट्रोल आणि वय यांच्याबद्दल बोलणार आहोत. विषय आहे अमेरिकन मसल कार. १९६४ ते १९७४ या दहा वर्षांतल्या जुन्या मसल कार आणि २००५ नंतर त्याच नावांनी, जवळपास त्याच चेहऱ्यांनी परत आलेल्या नव्या गाड्या.

या दोन पिढ्यांची तुलना निघाली की वाद ठरलेला असतो. जुनी भारी की नवी भारी? माझं उत्तर मी आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळत बसायला नको. यंत्र म्हणून नवी गाडी भारी आहे, आणि थोडीथोडकी नाही, कितीतरी पटींनी. वेग, ब्रेक, सुरक्षितता, मायलेज, काहीही घ्या. पण जुनी मसल कार ज्यासाठी जन्माला आली होती, ती गोष्ट नव्या गाडीबरोबर परत आली नाही. ती गोष्ट कोणती, हे समजायचं तर १९६४ च्या डेट्रॉइटला जावं लागेल.

नियमातली पळवाट

१९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने एक फर्मान काढलं: आपल्या कुठल्याही विभागाने यापुढे मोटार रेसिंगमध्ये भाग घ्यायचा नाही. याचा सगळ्यात मोठा फटका बसला पॉन्टिअॅकला. पॉन्टिअॅक हा जनरल मोटर्सचाच एक विभाग. पूर्वी त्याची ओळख म्हाताऱ्या माणसांची गाडी अशी होती आणि ती त्यांनी रेसिंगच्या जोरावर मोठ्या कष्टाने पुसली होती. आता रेसिंगच बंद. मग तरुण गिऱ्हाईक आणायचं कुठून?

पॉन्टिअॅकचे मुख्य इंजिनिअर होते जॉन डीलोरियन. हो, तेच, ज्यांच्या नावाची गाडी पुढे 'बॅक टू द फ्युचर'मध्ये काळाच्या मागेपुढे फिरली. त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स आणि रस गी. या मंडळींच्या लक्षात आलेली गोष्ट तशी साधी होती. मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत जे इंजिन बसतं, त्याच आधारांवर मोठ्या गाडीचं ३८९ क्यूबिक इंचाचं इंजिनही बसतं. म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं व्ही-८. मोठ्या गाडीचं हृदय लहान गाडीच्या छातीत. अख्खी मसल कार म्हणजे एवढंच. नवीन काही शोधायचं नाही, कारखान्यात जे आहे तेच वेगळ्या जोडीने बसवायचं.

अडचण एकच होती. मध्यम गाडीत ३३० क्यूबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा जनरल मोटर्सचा नियम होता. पण तो नियम नव्या मॉडेलला लागू होता, जादा पैसे देऊन घ्यायच्या सामानाबद्दल त्यात काही म्हटलेलं नव्हतं. मग पॉन्टिअॅकने जीटीओ ही स्वतंत्र गाडी म्हणून काढलीच नाही. टेम्पेस्ट ल मान्स विकत घ्या, वर ३०० डॉलरच्या आतलं एक पॅकेज घ्या, झाली जीटीओ. नाव सरळ फेरारीच्या गाडीवरून उचललं. पॉन्टिअॅकचे प्रमुख पीट एस्टिस यांनी वरिष्ठांच्या नजरेआड याला होकार दिला, आणि बेत असा होता की पाचेक हजार गाड्या विकून बघू. पहिल्या वर्षी विकल्या गेल्या ३२,४५०. दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, हा आकडा ९७ हजारांच्या जवळ गेला. एवढी विक्री झाल्यावर नियम कोण दाखवणार?

अठरा वर्षांचं गिऱ्हाईक

जीटीओ आली त्याच वर्षी, १७ एप्रिल १९६४ ला, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग दाखवली. किंमत २,३६८ डॉलरपासून. पहिल्या दिवशी २२ हजार ऑर्डरी, दोन वर्षांत दहा लाख गाड्या. मस्टँगखाली होती फोर्डची साधी, घरगुती फाल्कन गाडी. वर लांब नाक, आखूड पाठ आणि जादा सामानाची भलीमोठी यादी. स्वस्तातली मस्टँग घेतली तर तिच्यात सहा सिलिंडरचं अगदी मवाळ इंजिन असायचं. त्यामुळे काटेकोर लोक मस्टँगला मसल कार म्हणत नाहीत, पोनी कार म्हणतात. मोठं व्ही-८ घातलेली मस्टँग मात्र दोन्हीकडे मोडते. आज आपण दोघींना एकाच पंगतीला बसवू.

आता एक साधा हिशोब करा. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत जन्मदर एकदम वाढला, आणि त्या लाटेतली पहिली मुलं १९४६ ची. १९४६ मध्ये १८ मिळवा. १९६४. ज्या वर्षी जीटीओ आणि मस्टँग आल्या, बरोबर त्याच वर्षी ही मुलं अठरा वर्षांची झाली. पेट्रोल स्वस्त, रस्ते नवे, कारखान्यांत काम मिळत होतं आणि गाडी हप्त्यावर मिळत होती. याच मुलांपैकी कित्येकांना लवकरच व्हिएतनामसाठी सक्तीच्या भरतीची पत्रंही येणार होती. त्यांच्या हातात किती वर्षं आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि गाडी विकणाऱ्यांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

या गिऱ्हाइकाला सगळ्यात नीट ओळखलं प्लायमथने. १९६८ साली जीटीओ हळूहळू महाग आणि गुळगुळीत होत चालली होती. प्लायमथने उलटी वाट धरली. रोडरनर नावाची गाडी काढली, तिच्यातून गालिचा काढून टाकला, पुढे साधा सलग बाक दिला, आणि वाचलेले पैसे इंजिनात घातले. ३८३ क्यूबिक इंचाचं व्ही-८, ३३५ हॉर्सपॉवर, किंमत २,८९६ डॉलरपासून. नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सना ५० हजार डॉलर दिले, आणि हॉर्न असा बसवला की कार्टूनमधल्या पक्ष्यासारखा 'बीप बीप' वाजावा. पहिल्याच वर्षी जवळपास ४५ हजार गाड्या खपल्या. मला विचाराल तर मसल कार म्हणजे काय याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर रोडरनर आहे: जे वेगाला लागत नाही ते काढून टाका आणि गाडी पगारात बसवा.

डेट्रॉइटच्या उत्तरेला जाणारा वुडवर्ड अॅव्हेन्यू हा या सगळ्याचा आखाडा. रुंद, सरळ रस्ता, जागोजागी सिग्नल, बाजूला ड्राइव्ह-इन हॉटेलं. शनिवारी रात्री पोरं सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लावायची, आणि त्या गर्दीत कधीकधी कंपन्यांचे इंजिनिअर स्वतःच्या नव्या गाड्या घेऊन उतरायचे. बाजाराची पाहणी म्हणा हवं तर.

कागदावरचे घोडे

इथे जरा थांबू आणि हॉर्सपॉवरचा गोंधळ सोडवून घेऊ. जुन्या आणि नव्या गाड्यांची तुलना करताना सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

१९७१ पर्यंत अमेरिकेत हॉर्सपॉवर मोजायची पद्धत 'ग्रॉस' होती. इंजिन गाडीतून बाहेर काढून चाचणीच्या स्टँडवर बसवायचं. एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, पंखा नाही, अल्टरनेटरचं ओझं नाही. अशा मोकळ्या इंजिनाने जो जोर लावला तो जाहिरातीत छापायचा. १९७२ पासून 'नेट' पद्धत आली: इंजिन गाडीत जसं बसतं तसं, सगळ्या लवाजम्यासकट मोजायचं. क्रायस्लरच्या ४२६ हेमी इंजिनाचं उदाहरण घ्या. याच इंजिनाने १९६४ ची डेटोना ५०० शर्यत रिचर्ड पेटीला जिंकून दिली आणि १९६६ पासून ते रस्त्यावरच्या गाड्यांत मिळू लागलं. त्याचा प्रसिद्ध आकडा ४२५ हॉर्सपॉवर. १९७१ मध्ये त्याच इंजिनाचा नेट आकडा छापला गेला तो ३५०. इंजिन तेच, पाऊणशे घोडे कागदावरून पळाले.

उलटी फसवणूकही चालायची. विमा कंपन्या हॉर्सपॉवर बघून हप्ता ठरवू लागल्यावर कंपन्या मुद्दाम आकडा कमी सांगायच्या. फोर्डच्या ४२८ कोब्रा जेट इंजिनावर ३३५ लिहिलेलं असायचं. खरा जोर त्याहून बराच जास्त आहे हे शर्यती लावणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. म्हणून जुन्या गाड्यांचे छापील आकडे नव्या गाड्यांच्या शेजारी जसेच्या तसे ठेवू नका. सरळ रस्त्यावरचा वेळ बघा. पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटर, उभ्या गाडीपासून. हेमी किंवा १९७० ची शेव्हेल एसएस ४५४ या जुन्या काळातल्या सगळ्यात दांडग्या गाड्या. त्या काळच्या मासिकांच्या चाचण्यांत त्यांना हे अंतर कापायला साधारण तेरा ते चौदा सेकंद लागायचे.

आणि थांबायला? १९६४ च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. डिस्क ब्रेक जीटीओला मिळाले १९६७ मध्ये, तेही पुढच्या दोन चाकांना आणि जादा पैसे देऊन. दोन-तीनदा जोरात ब्रेक मारले की ड्रम तापायचे आणि पाय नुसताच आत जायचा. पट्टा होता तो कमरेचा. खांद्यावरून येणारा पट्टा पुढच्या सीटला सक्तीचा झाला १९६८ मध्ये.

हे बोलायलाच हवं, कारण जुन्या मसल कारच्या आठवणी सांगताना हा भाग सोयीस्करपणे गाळला जातो. १९६६ पासून पुढची काही वर्षं अमेरिकेत रस्ते अपघातांत दर वर्षी ५० हजारांहून जास्त माणसं मरत होती. १९६६ मध्ये दर दहा कोटी मैल प्रवासामागे साडेपाच मृत्यू, आणि २०२२ मध्ये सुमारे १.३. हे सगळे मसल कारचे अपघात नव्हेत, सगळ्या गाड्यांचे मिळून आहेत. पण जी कंपनी ६.४ लिटरचं इंजिन देते आणि ब्रेक घरगुती गाडीचेच ठेवते, तिने त्या आकड्याला हातभार लावला नाही असं म्हणता येणार नाही. राल्फ नेडर यांचं 'अनसेफ अॅट एनी स्पीड' हे पुस्तक १९६५ चं आणि वाहन सुरक्षेचा केंद्रीय कायदा १९६६ चा. म्हणजे मसल कार जोरात होती तेव्हाच तिच्या शेवटाचे कागद तयार होऊ लागले होते.

शेवट कोणी केला?

लोक म्हणतात, १९७३ च्या तेलसंकटाने मसल कार मारली. मला हे पटत नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल बंद केलं तेव्हा ती आधीच अंथरुणाला खिळली होती.

पहिला घाव विम्याचा. विम्याच्या कंपन्यांनी पंचविशीच्या आतल्या मुलांच्या व्ही-८ गाड्यांवर इतका अधिभार लावला की काहींना विम्याचा हप्ता गाडीच्या हप्त्याइतका जड जाऊ लागला. जी गाडी पगारात बसते म्हणून घ्यायची, ती विम्यामुळे पगाराबाहेर गेली.

दुसरा घाव हवेचा. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर कडक मर्यादा आणल्या. १९७१ पासून जनरल मोटर्सने आपली इंजिनं कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून कॉम्प्रेशन उतरवलं, आणि त्याबरोबर जोरही उतरला. तेलबंदी आली ती यानंतर. जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेचा कायदा झाला. त्याच वर्षी प्लायमथ बाराकुडा, डॉज चॅलेंजर आणि पॉन्टिअॅक जीटीओ ही तीन नावं संपली. १९७५ मध्ये अमेरिकेची सगळ्यात नावाजलेली स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट हिच्या साध्या मॉडेलची ताकद उरली होती १६५ हॉर्सपॉवर, तीही ५.७ लिटरच्या इंजिनातून.

मस्टँग टिकली, पण लहान होऊन. १९७४ ची मस्टँग टू ही फोर्डच्या पिंटो या छोट्या गाडीवर बेतलेली होती आणि पहिल्या वर्षी अमेरिकेत तिला व्ही-८ मिळतच नव्हतं. चाहते आजही तिला नावं ठेवतात. पण पहिल्या वर्षी ती पावणेचार लाखांहून जास्त विकली गेली, हेही सांगायला हवं. पेट्रोलच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तेच हवं होतं. पुढे ऐंशीच्या दशकात फोर्डने मस्टँगच्या जागी माझ्दाच्या मदतीने पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आणायचं ठरवलं. बातमी फुटल्यावर चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला. फोर्डने माघार घेतली आणि ती नवी गाडी प्रोब या नावाने वेगळी विकली. प्रोब आज कोणाला आठवतही नाही. आणि ज्या फ्लॅट रॉक कारखान्यात ती बनत होती, तिथे २००४ पासून मस्टँग बनतेय.

पुनर्जन्म: कोण जगलं, कोण नाही

आता दुसरा जन्म. यातली पहिली परत आलेली गाडी, गंमत बघा, पुन्हा जीटीओच. २००४ मध्ये. मुळात ती ऑस्ट्रेलियातली होल्डन मोनारो. ३५० हॉर्सपॉवरचं व्ही-८, पुढच्या वर्षी ४००. मागच्या चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र. चालवायला त्या वेळच्या कुठल्याही मस्टँगपेक्षा सरस. आणि पडली. तीन वर्षांत सगळ्या मिळून जेमतेम ४० हजार विकल्या गेल्या आणि २००६ मध्ये बंद. कारण ती बघून कोणालाही १९६४ आठवत नव्हतं. गोलसर, सभ्य, कुठल्याही पार्किंगमध्ये हरवून जाईल अशी गाडी.

त्याच सुमारास आली २००५ ची मस्टँग. मागे जुन्या पद्धतीचा सलग अॅक्सल, जो खड्ड्यात उडी मारतो. पण चेहरा १९६७-६८ चा, तीन पट्ट्यांचे मागचे दिवे, घोड्याचं चिन्ह. ३०० हॉर्सपॉवरची जीटी साधारण २५ हजार डॉलरला. तुफान चालली. या गाडीचे मुख्य इंजिनिअर हाऊ थाय-तँग हे सायगावमध्ये जन्मलेले. युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांसाठी तिथे आणलेली मस्टँग त्यांनी लहानपणी पाहिली होती, आणि १९७५ मध्ये ते निर्वासित म्हणून अमेरिकेला आले. ज्या युद्धाने या गाडीच्या पहिल्या गिऱ्हाइकांना नेलं, त्याच युद्धाने तिच्या दुसऱ्या जन्माचा इंजिनिअर आणून दिला.

जीटीओ आणि मस्टँगच्या या जोडीतून डेट्रॉइट एक धडा शिकलं. लोकांना मसल कारची ताकद हवी आहे, पण ती आठवणीच्या कपड्यांतच हवी आहे. २००८ ची चॅलेंजर तर १९७० च्या चॅलेंजरचा जवळजवळ छाप आहे. २०१० ची कॅमेरो १९६९ च्या कॅमेरोवरून घेतलेली. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख एड वेलबर्न स्वतः १९६९ ची कॅमेरो बाळगून होते.

आता पुन्हा तो हिशोब. १९४६ मध्ये ६२ मिळवा. २००८. ज्या वर्षी चॅलेंजर परत आली, त्या वर्षी १९६४ चा अठरा वर्षांचा मुलगा ६२ वर्षांचा झाला. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन लवकरात लवकर सुरू करता येतं ते वय ६२. पहिल्यांदा या गाड्या पहिल्या पगारावर विकल्या गेल्या, दुसऱ्यांदा निवृत्तीच्या पैशांवर. नव्या गाड्या तरुणांनीही घेतल्या, नाही असं नाही. पण चेहरा कोणाच्या आठवणीतला होता हे स्पष्ट आहे.

'बुलिट' सिनेमाचं उदाहरण यात फार बोलकं आहे. १९६८ च्या त्या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीन सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर हिरव्या मस्टँगमधून काळ्या चार्जरचा पाठलाग करतो. शूटिंगसाठी त्या मस्टँगवरची चिन्हं काढून टाकली होती, म्हणजे ती एका पोलिसाची वापरातली, धुळकट गाडी वाटावी. नंतर १९७४ मध्ये ती सुमारे ६,००० डॉलरला न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाकडे गेली, आणि घरातल्या शिक्षिका असलेल्या बाई ती घेऊन शाळेत जायच्या. फोर्डने या गाडीच्या आठवणीत २००१, २००८ आणि २०१९ ला 'बुलिट' नावाच्या खास मस्टँग काढल्या. इतर चिन्हं काढली, पण मागे मधोमध गोल चकती बसवली आणि तिच्यावर लिहिलं 'बुलिट'. मूळ गाडीला नाव पुसायचं होतं, आणि नकलेला नाव दाखवल्याशिवाय चालणार नव्हतं. २०२० मध्ये मूळ गाडीचा लिलाव झाला. बोली ३४ लाख डॉलरवर थांबली.

समोरासमोर

आता यंत्राला यंत्र लावून बघू. २००८ च्या पहिल्या चॅलेंजर एसआरटी-८ ची ताकद ४२५ हॉर्सपॉवर. आकडा ओळखीचा वाटला? जुन्या हेमीचाच. फरक एवढाच, की हे ४२५ नेट आहेत, गाडीत बसलेल्या इंजिनाचे. २०१५ ची हेलकॅट आली ७०७ घेऊन. तिच्याबरोबर दोन चाव्या मिळायच्या, काळी आणि लाल. काळ्या चावीने ताकद ५०० वर अडवलेली, पूर्ण ताकद हवी तर लाल. १९७० मध्ये अशी चावी कोणी बापाच्या हातात दिली असती तर काही पोरं वाचली असती. २०२३ ची शेवटची डीमन १७० तर इथेनॉल मिसळलेल्या इंधनावर १,०२५ हॉर्सपॉवर देते. किंमत ९६ हजार डॉलरच्या वर.

ही झाली टोकाची उदाहरणं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती २०११ ची साधी व्ही-६ मस्टँग. ३०५ हॉर्सपॉवर, हायवेला गॅलनमागे ३१ मैल, आणि पाव मैल चौदा सेकंदांच्या आसपास. म्हणजे भाड्याच्या गाड्यांच्या रांगेत उभी असलेली मस्टँग साठच्या दशकातल्या बऱ्याच व्ही-८ मसल कारना मागे टाकते. वर एअरबॅग, एबीएस आणि घसरण सावरणारी यंत्रणा.

ही सगळी यंत्रणा वजनाशिवाय येत नाही. नवी व्ही-८ चॅलेंजर १,८५० किलोच्या आसपासची, पहिली साधी मस्टँग सव्वाअकराशेच्या आसपास. खिडक्या बारीक, दारं जाड, आणि नव्या कॅमेरोतून बाहेरचं नीट दिसत नाही ही तक्रार तर तिच्या चाहत्यांचीच. २०१५ पासून मस्टँगला स्वतंत्र मागचं सस्पेन्शन आलं आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा कारखान्यातूनच उजव्या बाजूचं स्टिअरिंग मिळू लागलं. त्यामुळेच २०१६ मध्ये ती अधिकृतपणे भारतात आली, दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाख रुपयांना. स्वस्त म्हणून जन्मलेली गाडी आपल्याकडे आली ती थेट श्रीमंतांच्या रांगेत.

काय परत आलं नाही

आता मी सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. अमेरिकेत १९६८ मध्ये केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन तासाला १.६० डॉलर होतं. २,८९६ डॉलरची रोडरनर म्हणजे किमान वेतनाचे साधारण १,८१० तास. आठवड्याला चाळीस तास धरले तर पंचेचाळीस आठवडे. वर्षाच्या आत. २०२४ मध्ये व्ही-८ घातलेली नवी मस्टँग जीटी सुमारे ४२ हजार डॉलरला आणि केंद्रीय किमान वेतन ७.२५ डॉलर. म्हणजे जवळपास ५,८०० तास. पावणेतीन वर्षांहून जास्त.

या हिशोबावर कोणी हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. आज बऱ्याच राज्यांत किमान वेतन केंद्राच्या दरापेक्षा जास्त आहे. कॅलिफोर्नियाचे २०२४ चे १६ डॉलर धरले तरी २,६०० च्या वर तास होतात. दुसरी हरकत: व्ही-८ कशाला हवं? २०२४ ची चार सिलिंडरची टर्बो मस्टँग ३१ हजार डॉलरच्या आसपास मिळते आणि ती रोडरनरला सहज हरवते. वेगाचा भाव काढला तर आज वेग स्वस्त झालाय. मान्य. पण मसल कारचं वचन होतं की कारखान्यातलं सगळ्यात मोठं इंजिन सगळ्यात साध्या गाडीत, साध्या माणसाला मिळेल. नव्या काळात मोठं इंजिन महागड्या मॉडेलमध्ये गेलं, चामड्याच्या सीट आणि मोठ्या पडद्यासकट. आजच्या बाजारात बिनगालिच्याच्या व्ही-८ गाडीला जागा नाही.

परत न आलेली दुसरी गोष्ट म्हणजे गाडी बनवणारा माणूस. १९७० ची चॅलेंजर डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमक गावात, 'डॉज मेन' कारखान्यात बनायची. त्याच कारखान्यात मे १९६८ मध्ये कामगारांनी अचानक संप केला. कारण होतं असेंब्ली लाइनचा वाढवलेला वेग. त्या संपातून कृष्णवर्णीय कामगारांची 'डॉज रेव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट' ही संघटना उभी राहिली. बाहेर वुडवर्डवर पोरं ज्या वेगासाठी वेडी झाली होती, त्याची दुसरी बाजू आत लाइनवर हात चालवणाऱ्या माणसाला दिसत होती. त्या काळाचं सोनेरी चित्र रंगवताना हाही भाग गाळू नये. तरी त्या लाइनवरचा माणूस आपल्या हाताखालून गेलेली गाडी हप्त्यावर घेऊ शकत होता. डॉज मेन १९८० मध्ये बंद झालं. ती जागा आणि शेजारची पोलटाऊन वस्ती पाडून जनरल मोटर्सने नवा कारखाना बांधला, तिथे आता इलेक्ट्रिक गाड्या बनतात. नवी चॅलेंजर आयुष्यभर बनली ती कॅनडात, ब्रॅम्प्टनला. परत आलेली कॅमेरोही सुरुवातीला कॅनडातल्याच ओशावाची.

दुसरा शेवट

डिसेंबर २०२३ मध्ये शेवटची चॅलेंजर बाहेर पडली, आणि त्याच सुमारास शेवटची कॅमेरो. जुन्या नावांपैकी पेट्रोलवरचं व्ही-८ घेऊन उरली ती मस्टँग. डॉजने इलेक्ट्रिक चार्जर डेटोना आणली, आणि इलेक्ट्रिक मोटरला आवाज नसतो म्हणून तिच्यात आवाज काढणारी यंत्रणा बसवली. हेलकॅटच्या तोडीचा आवाज, असा कंपनीचा दावा.

बरेच लोक त्या नकली आवाजाला हसतात. मी हसत नाही. परत आलेल्या गाड्यांनी वीस वर्षं तेच केलं, चेहऱ्याच्या बाबतीत. आता आवाजाची पाळी आहे इतकंच. आणि त्यात वाईट काही नाही, नव्या गाड्यांनी माणसं कमी मारली आणि मजा तितकीच दिली. फक्त त्यांना १९६४ ची वारस म्हणताना मी जरा थांबतो. जीटीओची खरी वारस शोधायची तर व्ही-८ च्या आवाजामागे जाऊ नका. विशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी वर्षभराच्या किमान पगारात नवी कोरी घेऊ शकेल आणि सिग्नलला महागड्या गाडीला मागे टाकू शकेल, अशी गाडी कोण बनवतंय ते बघा. ती बहुधा मस्टँगसारखी दिसणार नाही, आणि कदाचित आवाजही करणार नाही.

तुम्हाला काय वाटतं, तुमच्या डोळ्यासमोर अशी कुठली गाडी येते, मला नक्की कळवा. आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत नमस्कार, आणि गाडी जपून चालवा.